सेकंड इयर एमबीबीएसला रिसर्च: एक छोटा प्रश्न, एक ओपीडी आणि जवळपास वर्षभर

मागच्या आठवड्यात, रुग्ण घरी इन्सुलिन कुठे आणि कसं ठेवतात यावरच्या माझ्या प्रोजेक्टचा फायनल रिपोर्ट पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) डिपार्टमेंटला जमा झाला, स्पायरल बाइंडिंग, सही, शिक्का सगळं होऊन. गेल्या नोव्हेंबरात सुरुवात केली तेव्हा सिनॉप्सिस (अभ्यासाचा थोडक्यात आराखडा) कशाला म्हणतात, एथिक्स कमिटीला (अभ्यासात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे बघणारी समिती) कागद कुठून जातात, सॅम्पल साइज (किती रुग्ण घ्यायचे) कोण ठरवतं यातलं काहीच माहीत नव्हतं आणि सीनियर्सना विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगायचा. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतेय. मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, बाकी ठिकाणी फॉर्मची नावं वेगळी असतील पण रस्ता साधारण हाच.

सुरुवात झाली आयसीएमआरच्या (इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च) एसटीएसपासून, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. ही योजना 1979 पासून चालू आहे, एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांना शिकता शिकता रिसर्चची ओळख व्हावी म्हणून. दोन महिन्यांत होईल एवढाच प्रोजेक्ट घ्यायचा, कॉलेजमधलेच एक फुलटाइम शिक्षक गाईड म्हणून लागतात, आणि स्टायपेंड मिळतो तो रिपोर्ट मंजूर झाल्यावर, आधी नाही. एक गाईड एकाच विद्यार्थ्याला घेऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्या दोन सरांकडे गेले तोवर त्यांच्याकडे दुसरं कोणीतरी ठरलेलं होतं. जाहिरात यायची वाट बघू नका, दिवाळीनंतर कॉलेज उघडलं की लगेच गाईडशी बोलून घ्या. मला शेवटी पीएसएमच्या मॅडम मिळाल्या आणि आज वाटतं की बरंच झालं.

मॅडमकडे पहिल्यांदा गेले ते विषय घेऊनच, 'विदर्भातील मधुमेही रुग्णांचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन'. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "विदर्भात 11 जिल्हे आहेत, तू कितीत जाणारेस? आणि ज्ञान म्हणजे नक्की कशाचं?" मग म्हणाल्या, पंधरा दिवस मेडिसिनच्या ओपीडीत नुसती बस, काही लिहू नकोस, फक्त बघ. ते पंधरा दिवस मला सगळ्यात जास्त कामाला आले. डायबेटीसच्या ओपीडीत एक मावशी यायच्या, त्यांनी इन्सुलिनची बाटली रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत आणली होती. डॉक्टरांनी विचारलं घरी कुठे ठेवता, तर म्हणाल्या, "फ्रिज कुठचा जी आमच्या घरी, शेजारणीच्या फ्रिजात ठेवतो. ते गावाले गेली का मंग माठाजवळ ठेवतो." आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, वापरात असलेली बाटली सावलीत, 25-30 अंशांपर्यंत, साधारण चार आठवडे चालते, आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. हे फार्माकॉलॉजीत आपण सगळे वाचतो, पण ज्या घरात फ्रिजच नाही तिथे त्या 2 ते 8 चं काय होतं हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. तिथेच विषय ठरला: आमच्या ओपीडीत येणारे, स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेणारे रुग्ण घरी ते कुठे आणि कसं ठेवतात. एवढंच.

यातला 'स्वतःच्या हाताने' हा भाग नंतर आला. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना सून नाहीतर मुलगा इंजेक्शन देतो, मग प्रश्न कोणाला विचारायचा आणि संमती कोणाची घ्यायची? मॅडमनी सांगितलं की दोन्ही प्रकारचे लोक एकत्र केलेस तर उत्तरं कोणाची हेच कळणार नाही, एकच गट घे आणि दुसरा सोडला हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही. आमच्या इन्क्लुजन क्रायटेरियात, म्हणजे अभ्यासात कोणाला घ्यायचं याच्या नियमांत, मग वय 18 च्या वर, किमान तीन महिने इन्सुलिन चालू, स्वतः टोचून घेणारे, असं आलं.

डिसेंबर गेला लिटरेचर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे या विषयावर आधी झालेले अभ्यास वाचण्यात. मी आधी साध्या गुगलवर शोधत होते, मॅडमनी पबमेडवर (मेडिकल पेपर्सची ऑनलाइन सूची) मेश टर्म, म्हणजे तिथले ठरलेले विषय-शब्द, वापरून शोधायला शिकवलं, आणि 'अँड', 'ऑर' कुठे टाकायचं ते. शोधताना कुठल्या तारखेला कुठले शब्द टाकले हे वहीत लिहून ठेवा, नंतर लिहिताना कोणीतरी विचारतंच. रेफरन्ससाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या, फ्री आहे, व्हँकुव्हर स्टाइल (संदर्भांना क्रमाने नंबर देण्याची पद्धत) आपोआप लावून देतं. आणि याच काळात आयसीएमआरच्या चेन्नईतल्या एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) या संस्थेचा, एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा हेल्थ रिसर्चचा कोर्स केला, व्हिडिओ फुकट आहेत, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेचे 1,000 रुपये. रात्री मेसनंतर एक-एक लेक्चर बघायचे. बायस (निवडीतली किंवा मोजण्यातली एकाच बाजूला झुकणारी चूक) आणि कन्फाउंडिंग (तिसऱ्याच गोष्टीमुळे दिसणारा संबंध) यांमधला फरक मला तिथे कळला, लेक्चर हॉलमध्ये कळला नव्हता.

मग सॅम्पल साइज. याची मला सगळ्यात जास्त भीती होती आणि निघालं ते एका ओळीचं गणित. आपल्या पीएसएममध्ये 4पीक्यू भागिले एलचा वर्ग हे सूत्र शिकवतात ना, तेच. पी म्हणजे जे शोधतोय ते साधारण किती टक्के लोकांत असेल, क्यू म्हणजे 100 वजा पी, आणि एल म्हणजे आपण किती चूक चालवून घेणार. आमच्यासारख्या ओपीडीतला आधीचा नीट आकडा हाती नव्हता म्हणून पी 50 धरला, कारण 50 गुणिले 50 म्हणजे 2500, आणि 30 गुणिले 70 केलं तरी 2100च येतात, म्हणजे 50 धरलं की सॅम्पल सगळ्यात मोठं निघतं आणि आपण सुरक्षित राहतो. एल 5 घेतला तर 400 रुग्ण लागतात, दोन महिन्यांत एका ओपीडीत इन्सुलिनवाले 400 मिळणं शक्य नाही. एल 10 घेतला तर 100. त्यावर नकार देणारे, अर्धवट सोडून जाणारे धरून 110. म्हणजे सॅम्पल साइज हा नुसता फॉर्म्युला नाही, आपल्याकडे वेळ किती आणि उत्तर किती अचूक हवं याचा तो हिशेब आहे. हे कळल्यावर भीती गेली.

फेब्रुवारीत एसटीएसचं प्रपोजल ऑनलाइन भरलं. दोन गोष्टी जपा. प्रपोजलच्या फाइलमध्ये स्वतःचं, गाईडचं, कॉलेजचं नाव कुठेही यायला नको, कारण तपासणाऱ्याला ते कोणाचं आहे हे कळू द्यायचं नसतं. मेथड्समध्ये 'आमच्या अमुक कॉलेजच्या ओपीडीत' असं सवयीने लिहिलं जातं, ते 'एका टर्शरी केअर हॉस्पिटलमध्ये' असं करा. आणि कॉलेज प्रमुखांची सही-शिक्का लागतो तो फॉर्म शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, डीन मुंबईला मीटिंगला गेलेले असतात, मग तो कागद टेबलावरच राहतो.

त्याच्याच जोडीने एथिक्स कमिटीचे कागद. हा भाग कोणीच नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. कव्हरिंग लेटर गाईड आणि एचओडी (विभागप्रमुख) यांच्यामार्फत, प्रोटोकॉल (अभ्यासाचा पूर्ण आराखडा), गाईडचा सीव्ही, प्रश्नावली, रुग्णासाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. हे शेवटचे दोन मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत, आणि मराठीवरून परत दुसऱ्या कोणीतरी इंग्रजी करून अर्थ बदलला नाही ना हे बघायचं. आमच्याकडे प्रत्येक सदस्याला वेगळा सेट लागतो, त्यामुळे झेरॉक्सलाच जवळपास हजार रुपये गेले. यूजी, म्हणजे पदवीच्या, विद्यार्थ्यांना कमिटीची फी माफ होती, तुमच्याकडे विचारून घ्या. सेट दिल्यावर आवक नंबर घ्या आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मार्चमध्ये दिलेले कागद एप्रिलच्या मीटिंगला आले, कारण मीटिंग रोज होत नाही. मधल्या काळात मी ऑफिसात सारखी चौकशी करत होते, तिथल्या क्लार्क काकांनी शेवटी सांगितलं, "बाई, तारीख लागली की मीच फोन करतो", आणि खरंच केला.

माझा अभ्यास नुसता प्रश्न विचारण्याचा, रिस्क अगदी कमी, म्हणून मला वाटलं होतं पाच मिनिटांत होईल. 2017 च्या आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कमिटीचे अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचे असतात, आणि डॉक्टरांशिवाय कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राचे कोणीतरी आणि एक सामान्य नागरिक असे लोकही असतात. आमच्या कमिटीत ते सामान्य नागरिक म्हणजे एक निवृत्त शिक्षक होते. डॉक्टर सदस्यांनी सॅम्पल साइज, क्रायटेरिया असं विचारलं, त्याची तयारी होती. मग त्या गुरुजींनी चष्मा काढून विचारलं, "समजा एखादी बाई तुला म्हणाली की मी औषध बर्फाच्या कप्प्यात ठेवते, तर तू काय करणार? वहीत टिक करणार आणि पुढच्या माणसाकडे जाणार?"

माझ्या प्रोटोकॉलमध्ये याचं उत्तर नव्हतं. मॅडमकडे बघितलं, त्या काही बोलल्या नाहीत. मी सांगितलं की प्रश्न पूर्ण झाल्यावर त्यांना नीट समजावून सांगेन. ते म्हणाले, "मग तसं लिहून दे." अध्यक्षांनी ते अटीत घातलं: मुलाखत संपल्यावर प्रत्येक रुग्णाला मराठी माहितीपत्रक द्यायचं, आणि बाटली खराब झाली असेल असं वाटलं तर त्याच दिवशी ओपीडीच्या डॉक्टरांना कळवायचं. समजावणं मात्र सगळे प्रश्न झाल्यावरच, मधे नाही, नाहीतर पुढची उत्तरं आपणच शिकवल्यासारखी येतात. मला या एका प्रश्नाने जे शिकवलं ते कुठल्या लेक्चरने शिकवलं नाही. समोरचा माणूस आपल्याला त्याचा वेळ देतोय, त्याच्या घरातली गोष्ट सांगतोय, त्याला परत काय मिळणार हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असायला हवं. दुरुस्त्या करून दिल्यावर एप्रिलच्या शेवटी मंजुरीचं पत्र हातात आलं. ते येईपर्यंत एकाही रुग्णाला एकही प्रश्न विचारायचा नाही, पायलट, म्हणजे प्रश्नावलीची आधीची छोटी चाचणीसुद्धा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

मे महिन्यात एसटीएसची यादी लागली. माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. देशभरातून हजारो अर्ज जातात आणि सगळ्यांना घेणं शक्य नसतं हे डोक्याला कळत होतं तरी. मॅडमनी एवढंच विचारलं, "एथिक्सचं पत्र आहे ना? मग थांबायचं कशाला?" आणि तो डिपार्टमेंटचा प्रोजेक्ट म्हणून चालू राहिला. ज्यांचं नाव यादीत येत नाही त्यांनी हे जरूर वाचावं: प्रश्न, प्रश्नावली, मंजुरी हे सगळं तुमच्याकडेच राहतं, अभ्यास तसाच करता येतो, फक्त स्टायपेंड आणि ते सर्टिफिकेट नसतं. खर्च माझा एकूण अडीच हजारांच्या आसपास झाला, त्यात झेरॉक्स, मराठी टायपिंग आणि बाइंडिंग आलं.

पायलट दहा रुग्णांवर केला, हे दहा नंतर मोजायचे नाहीत. प्रश्नावली आधी मेडिसिन आणि पीएसएमच्या शिक्षकांकडून तपासून घेतली होती तरी ओपीडीत गेल्यावर तिचं रूपच बदललं. 'तुम्ही इन्सुलिन योग्य ठिकाणी ठेवता का?' याला सगळे हो म्हणत होते. मग तो प्रश्न असा केला: 'आत्ता या क्षणी तुमची बाटली घरात कुठे आहे?' आणि लोक सांगायला लागले. फ्रिजच्या दारात, भाजीच्या कप्प्यात, माठाखालच्या ओल्या वाळूत, देवघराच्या कोनाड्यात, शेजाऱ्यांकडे. आमच्या पर्यायांत 'दुसऱ्याच्या घरी' हा पर्यायच नव्हता, तो घातला, आणि जोडीला 'लाइट गेली की काय करता' हा प्रश्न घातला, कारण गावात भारनियमन असतं आणि फ्रिज असणं म्हणजे थंड असणं असं होत नाही. सिरिंजबद्दल विचारताना नाव किंवा नंबर कोणाला सांगता येईना, म्हणून लाल टोपणाची आणि नारिंगी टोपणाची अशा दोन्ही सिरिंज प्रत्यक्ष टेबलावर ठेवल्या. लाल टोपणाची दर मिलीला 40 युनिट असलेल्या बाटलीसाठी, नारिंगी 100 युनिटवालीसाठी, अदलाबदल झाली की डोस चुकतो. दाखवल्यावर लोक बोट ठेवून सांगायचे.

अजून एक, अ‍ॅप्रन. पांढरा अ‍ॅप्रन घालून बसलं की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बरोबर उत्तर शोधतात. मॅडमच्या सांगण्यावरून मी साध्या कपड्यांत, गळ्यात फक्त आयकार्ड घालून बसायला लागले, आणि सुरुवातीलाच सांगायचे की यात चूक-बरोबर काही नाही, नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.

डेटा कलेक्शन मेच्या मधल्या आठवड्यापासून जुलैपर्यंत. डायबेटीसची ओपीडी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, त्यात आमची पोस्टिंग आणि टर्मिनल एक्झाम, त्यामुळे दुपार हुकली की आठवडा जायचा. रुग्णांना नंबर सोडून माझ्याकडे या म्हणणं बरोबर नव्हतं, पहाटेची एसटी पकडून आलेली माणसं असतात. ओपीडीच्या सिस्टरनी उपाय सांगितला, डॉक्टरांनी तपासल्यावर औषधाच्या खिडकीसमोर लोक तसेही थांबतात, तिथे बस. तिथल्या मामांनी (वॉर्डबॉय) बाकडं सरकवून दिलं. सिस्टर, मामा, केसपेपरवाले यांना पहिल्याच दिवशी आपण काय करतोय ते सांगून ठेवा, त्यांच्या मदतीशिवाय एकही फॉर्म भरला जात नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि आपल्या टीममधला नसलेला एक साक्षीदार लागतो, त्याची सही. साक्षीदार शोधण्यात वेळ जातो, तो धरून चला. काही जणांनी सरळ नाही म्हटलं, विशेषतः अंगठ्याचं नाव काढल्यावर, जमिनीच्या कागदाची भीती असते लोकांना. त्यांना थांबवायचं नाही, आग्रहही करायचा नाही, नोंद करायची आणि सोडायचं.

जूनच्या मध्यात पाऊस आला आणि नवीनच अडचण उभी राहिली. मेमध्ये भेटलेला माणूस उन्हाळ्यातली सोय सांगत होता, जुलैतला पावसाळ्यातली. माठातून बाटली परत कपाटात गेलेली. याचं काय करायचं? मागच्या उन्हाळ्याचं विचारावं तर लोकांना नीट आठवत नाही, यालाच रिकॉल बायस म्हणतात. शेवटी प्रत्येक फॉर्मवर तारीख होतीच, त्यावरून दोन गट करून वेगळे मांडले आणि लिमिटेशनमध्ये सरळ लिहिलं. फॉर्मवर तारीख आणि वेळ घालणं हे साधं वाटतं, पण ते नसतं तर हा भाग दाखवताच आला नसता.

एंट्री एक्सेलमध्ये, एका ओळीत एक रुग्ण, नाव नाही फक्त कोड नंबर, आणि नाव-कोडची यादी वेगळ्या कुलपात. उत्तर नसेल तिथे जागा रिकामी न ठेवता 99. अ‍ॅनालिसिससाठी जामोवी हे सॉफ्टवेअर वापरलं, फ्री आहे आणि शिकायला सोपं. काई-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासायची चाचणी) करायला मी उतावीळ झाले होते, मॅडम म्हणाल्या आधी टेबल बघ, अपेक्षित आकडा 5 पेक्षा कमी असलेल्या चौकटी किती आहेत? तिथे फिशर एक्झॅक्ट ही लहान आकड्यांसाठीची चाचणी लागते. आणि टक्केवारीसोबत 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहायचाच. उदाहरणार्थ 100 पैकी 60 जणांनी एक उत्तर दिलं तर खरा आकडा साधारण 50 ते 70 च्या मध्ये कुठेतरी असू शकतो, एल 10 घेतला होता तो असा परत समोर येतो. शिक्षण आणि साठवण यांचा संबंध दिसला तरी शिक्षणामुळे साठवण सुधारते असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही, दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी विचारल्यात. चर्चेच्या भागात मी जिथे 'मुळे' लिहिलं होतं तिथे मॅडमनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला होता.

लिहिताना मेथड्स सगळ्यात आधी लिहा, डेटा चालू असतानाच, तेव्हा सगळं आठवत असतं. ऑब्झर्वेशनल अभ्यासासाठी, म्हणजे ज्यात आपण उपचार बदलत नाही, फक्त बघतो-विचारतो, स्ट्रोब नावाची 22 मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, ती शेजारी ठेवून एकेक मुद्दा कुठल्या पानावर आलाय ते टिक करत गेले. ऑक्टोबर त्यातच गेला, मॅडमकडून चार-पाच वेळा दुरुस्त होऊन आला.

एथिक्स कमिटीने सांगितलेलं ते माहितीपत्रक एका पानाचं आहे, मोठ्या अक्षरात, फ्रिज असलेल्या घरासाठी वेगळं आणि नसलेल्या घरासाठी वेगळं, बाटलीला पाणी लागू न देता माठाजवळ कशी ठेवायची याच्या चित्रासकट. ओपीडीने ते पुढेही वाटायला ठेवून घेतलंय. रिपोर्टवरून पेपर लिहायला घेतलाय. एक सांगून ठेवते, पेपर होण्याआधीच मेलवर 'तीन दिवसांत छापू, एवढे पैसे भरा' असे जर्नल्सचे निरोप यायला लागतात, कॉलेजच्या पोस्टरमध्ये मेल आयडी होता तिथून मिळाला असेल. भरू नका, आधी गाईडना दाखवा. आणि पुढच्या बॅचमधल्या कोणाला आमचं मराठी संमतीपत्र नमुना म्हणून हवं असेल तर पीएसएमच्या ऑफिसात फाइल ठेवलीय, मॅडमची परवानगी घेऊन बघता येईल.